सयाजीबागेतील एक रविवार : वर्गणी नसलेली सहल



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीची चर्चा सुरू होते. सूचना निघते, वर्गणीचा आकडा फळ्यावर लिहिला जातो आणि दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक वर्गात दोन-चार मुलांना काहीतरी अडचण येऊ लागते. कोणाला गाडी लागते, कोणाकडे पाहुणे यायचे असतात, कोणाच्या आजीला बरे नसते. वर्गशिक्षकांना खरे कारण ठाऊक असते आणि मुलांनाही ठाऊक असते की शिक्षकांना ते ठाऊक आहे. कोणी काही बोलत नाही. पालकसभेनंतर एक माता मागे थांबून आम्हाला म्हणाल्या, "सर, रविवारी मुलांना न्यायचे तरी कुठे? जिथे जाऊ तिथे दारातच पाकिटाला हात घालावा लागतो." त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या शहराच्या अगदी मध्यावर, विश्वामित्रीच्या काठी, सुमारे ११३ एकरांत पसरलेले आहे. म्हणून या अंकातील पाठ सयाजीबागेचा.

वडोदऱ्यात जुनी माणसे तिला कमाटीबाग म्हणतात. बाग १८७९ सालची. 'सयाजीराव महाराजांनी बांधली' असे आपण एका वाक्यात सांगून मोकळे होतो. पण महाराजांचा जन्म १८६३ चा, म्हणजे त्या वेळी ते पंधरा-सोळा वर्षांचे, आपल्या दहावीच्या मुलांएवढे होते. त्यांचे शिक्षण चालू होते, राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते आणि अधिकारसूत्रे महाराजांच्या हाती आली ती १८८१ च्या डिसेंबरात. पुढे याच महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो सर्व राज्यात लागू केला. मोफत म्हणजे हलक्या प्रतीचे, अशी समजूत आजकाल फार पसरली आहे. ज्या राजाने शाळा मोफत केली, त्याच्याच नावाची बाग आजही तिकिटाशिवाय खुली आहे, हे आमच्या मते या समजुतीला पुरेसे उत्तर आहे.

बागेतील सर्वच गोष्टी फुकट आहेत असे मात्र नाही, ते आधी सांगून टाकू. प्राणिसंग्रहालयाला तिकीट आहे, तारांगणाला आहे, वस्तुसंग्रहालयालाही आहे. वस्तुसंग्रहालयातील निळ्या देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी मुलांनी एकदा पाहावीच. पण ती वेगळ्या रविवारी, थोडे पैसे साठवून. आजच्या पाठात तिकीट लागणारे काहीही नाही. सामान एवढेच : पाण्याची बाटली, घरचा डबा, एक वही, दहा-बारा मीटर सुतळी, एक मीटरची सरळ काठी, आणि जमल्यास आजी किंवा आजोबा.

आजी-आजोबांचे नाव आम्ही गमतीने घेतलेले नाही. वडाच्या खोडाचा घेर मोजायचा तर मुलांनी हात धरून कडे करावे आणि किती मुले लागली ते लिहावे. मग सुतळी गुंडाळून मोजावे. आजी बरोबर असतील तर त्यांना विचारावे की हे खोड त्यांच्या नऊवारीत मावेल का. नऊ वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर, हा हिशेब पाचवीच्या मुलाला येतो. पण तो पुस्तकातल्या वाराचा नसून आजीच्या लुगड्याचा आहे म्हटल्यावर तो विसरत नाही. घेर मिळाला की त्याला २२/७ ने भागून व्यास काढावा. घेर ४.४ मीटर भरला तर व्यास १.४ मीटर, म्हणजे खोड आरपार कापले (कापायचे नाही!) तर त्यावर इयत्ता पहिलीचे मूल आडवे झोपू शकेल. आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे आम्ही 'परिधि' शिकलो, येथे मुले 'परीघ' म्हणतात आणि शेजारच्या गुजराती शाळेत 'परिघ'. शब्दाचे रूप किंचित बदलते, झाड तेवढेच जाड राहते.

वडाजवळ आलोच आहोत तर आणखी थोडे थांबावे, कारण आपल्या गावाचे नावच वडावरून पडले आहे. वटोदर, म्हणजे वडांच्या पोटात वसलेले. वड, पिंपळ आणि उंबर ही एकाच कुळातील भावंडे. मराठीत फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल झालात' म्हणतो. उंबराला फूल येत नाही असे पुष्कळांना वाटते, पण ते खरे नाही. खाली पडलेले उंबर किंवा वडाचे लाल फळ मधोमध उघडून पाहा. आत बारीक बारीक दाट केसरांसारखे जे दिसते, तीच फुले. आपण ज्याला फळ म्हणतो ते खरे तर आतल्या बाजूला तोंड करून बसलेल्या शेकडो फुलांचे बंद दालन आहे. त्याला टोकाला एक सूक्ष्म दार असते आणि त्या दारातून सुईच्या अग्राएवढी गांधीलमाशी आत शिरते. तीच परागण करते आणि तिची पिले आतच वाढतात. या कुळातील बहुतेक जातींची गांधीलमाशी ठरलेली असते. वडाची उंबराकडे जात नाही. ती माशी नाहीशी झाली तर वडाला फळे धरतील, पण त्यात बी रुजणारे नसेल. झाड एवढे प्रचंड आणि त्याचा वंश अवलंबून कोणावर, तर डोळ्यांना धड न दिसणाऱ्या किड्यावर! उघडलेल्या फळात मुंग्या किंवा किडे दिसले तर मुलांनी किंचाळून फळ फेकू नये. तोच तर धडा आहे.

पिंपळाखाली मात्र पाने वेचावीत, तीही पडलेलीच. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते, पावसाचे पाणी तिच्यावरून चटकन निथळते. अशी चार चांगली पाने घरी नेऊन तीन-चार आठवडे पाण्यात ठेवावीत, पाणी अधूनमधून बदलावे (वास येतो, मातांनी रागावू नये) आणि मग जुन्या दातांच्या ब्रशने हळूच हिरवा गर काढावा. शिरांची जाळी उरते. आपल्या पिढीत प्रत्येकाच्या वहीत असे एक जाळीचे पान असायचे. आताच्या मुलांच्या वहीत ते का नसावे, याचे कारण आम्हाला सापडलेले नाही.

आता उंची. यासाठी वड निवडू नये, कारण तो आडवा पसरतो आणि सावलीचे टोक शेंड्याचे की फांदीचे हे कळत नाही. सरळ वाढणारा आसोपालव किंवा ताड घ्यावा. (आसोपालवाला आपण सर्रास अशोक म्हणतो, सीतेचा अशोक निराळा, त्याला केशरी-लाल फुले येतात.) सपाट जमिनीवर काठी उभी धरून तिची सावली मोजा, लगेच झाडाची सावलीही खोडापासून टोकापर्यंत मोजा. काठी १ मीटर, तिची सावली ०.८ मीटर आणि झाडाची सावली १२ मीटर असेल, तर झाडाची उंची १२ भागिले ०.८, म्हणजे १५ मीटर. दोन्ही मोजमापे एकाच वेळी झाली पाहिजेत. मुलांनी डबा खाऊन येऊन दुसरे माप घेतले तर सूर्य तोवर पुढे गेलेला असतो आणि झाड उगीच वाढते किंवा खुजे होते.

सावलीचा सर्वांत सुंदर प्रयोग फुलांच्या घड्याळाजवळ करावा. बागेतील हे घड्याळ सर्वांना माहीत आहे : तबकडी रोपांची, यंत्र जमिनीखाली. काटे चालू असोत वा नसोत, आपल्याला हातातले घड्याळ पुरेल. मुलांना विचारा, दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर किंवा आकाशात सर्वांत उंच असतो का? सगळे 'हो' म्हणतील. मग काठी उभी रोवून खाली कागद पसरा आणि सव्वाबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही. वर्षाच्या सरासरीने ती आपल्याकडे १२ वाजून ३७ मिनिटांच्या सुमारास पडते.

कारण असे. आपल्या देशाची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरली आहे, ते रेखांश अलाहाबादजवळून (आताचे प्रयागराज) जाते. वडोदरे साधारण ७३.२ अंशांवर आहे, म्हणजे ९.३ अंश पश्चिमेला. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटे घेते. ९.३ गुणिले ४ करा, ३७ मिनिटे येतात. तेवढ्या उशिराने सूर्य आपल्याकडे पोहोचतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे यात वर्षभर थोडा फरक पडत राहतो : नोव्हेंबरच्या आरंभी सावली १२.२० च्या आसपासच सर्वांत आखूड होते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२.५० वाजतात. नववी-दहावीच्या मुलांनी महिन्यातून एकदा हा प्रयोग करून वर्षाचा आलेख काढावा. विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी आम्ही पुष्कळ पाहिला, हा आलेख अजून पाहायचा आहे.

त्यातच आणखी एक गंमत. कर्कवृत्त गुजरातेतून जाते, पण वडोदरे त्याच्या दक्षिणेस आहे. म्हणून वर्षातून दोनदा, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मध्यान्हीला काठीची सावली काही क्षण नाहीशीच होते. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते, एरवी वर्षभर उत्तरेकडे. जुलैचा दिवस बहुधा ढगांत जातो. जूनचा साधावा; तेव्हा शाळा नुकतीच उघडणार असते आणि मुलांना काही कामही नसते.

आता शब्दांकडे वळू. आपल्या मुलांच्या कानावर घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, दूरदर्शनवर हिंदी आणि शिकवणीत इंग्रजी पडते. पालक तक्रार करतात की मुलांची मराठी कच्ची राहिली. आमचा अनुभव असा आहे की मुलांना क्रियापदे येतात, नावे येत नाहीत. ते 'बघ, ते झाड हलते आहे' बरोबर म्हणतील, पण कोणते झाड, तर 'ट्री'. म्हणून वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत आणि बागेत जे दिसेल त्याचे नाव तिन्हींत लिहावे. कडुनिंब, लीमडो, नीम. चिंच, आमली, इमली. शेवगा, सरगवो, सहजन. वड, वड, बरगद. खार, खिसकोली, गिलहरी. साळुंकी, काबर, मैना. खंड्या, कलकलियो, किलकिला. कोठे मराठी-गुजराती जुळतात आणि हिंदी वेगळी पडते, कोठे तिन्ही तीन दिशांना जातात, हे मुलांनीच शोधावे. रकाना रिकामा राहिला तर बाकावर बसलेल्या एखाद्या गुजराती काकांना विचारावे. सकाळी बागेत चालायला येणारी मंडळी अशा प्रश्नाने खूश होतात आणि चालणे सोडून उत्तर देतात, हे आम्ही पाहिले आहे.

पक्ष्यांसाठी एकच नियम : दहा मिनिटे बसायचे आणि बोलायचे नाही. पालकांनीसुद्धा, मोबाइल खिशात ठेवून. किती निरनिराळे आवाज ऐकू आले ते बोटांवर मोजावे, नावे नंतर. वसंतात 'कुहू' ऐकू आली की मुले 'कोकिळा गाते' म्हणतात; गातो तो काळा नर, मादी तपकिरी व ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिचा आवाज निराळा, टोचणारा असतो. ती अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे मुलांना माहीत असते. काळ्या नराच्या मागे चिडलेले कावळे लागतात आणि तेवढ्यात मादी आपले काम उरकते असे कित्येकदा दिसते. हे सांगावे की नाही, ते पालकांनी ठरवावे.

नदीकडे जाताना मात्र आम्ही शिक्षक म्हणून कडक होतो. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, शहरातून वाहत पुढे ढाढर नदीला मिळते आणि तिच्यात शेकड्यांनी मगरी राहतात. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध मोकळ्या मगरी असणारी नदी क्वचितच कोठे असेल. थंडीच्या सकाळी त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात; मगर थंड रक्ताची असल्याने तिला बाहेरची ऊब लागते. काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून, कठड्याच्या आत उभे राहून पाहावे. काठाला उतरू नये, काही टाकू नये, दगड तर मुळीच मारू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी घराघरांत शिरले आणि मगरी सोसायट्यांच्या दारात आल्या, ते मुलांनी स्वतः पाहिले आहे. त्या वेळी पाणी आपल्या घरी कुठपर्यंत चढले होते, हे प्रत्येकाने भिंतीवर हात ठेवून आठवावे आणि वहीत सेंटिमीटरमध्ये लिहावे. पंचवीस मुलांचे आकडे आणि त्यांच्या घरांचे पत्ते एकत्र केले की पुराचा नकाशा तयार होतो. तो आम्ही भूगोलाच्या वर्गात लावणार आहोत.

शेवटचा थांबा संकल्पभूमीच्या वडाचा, आणि येथे घाई करू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकले. करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ च्या सप्टेंबरात ते येथे आले. एवढे शिकलेल्या माणसाला या शहरात राहायला खोली मिळेना. नाव बदलून ते एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ज्या ओळखीच्यांकडे त्यांनी आसरा मागितला, त्यांनीही अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला होती आणि मध्ये पाच तास उरले होते. ते पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत त्यांनीच हे लिहून ठेवले आहे. ज्या वडाखाली ते बसले असे मानले जाते, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबरला तेथे लोक मोठ्या संख्येने जमतात.

लहान मुले येथे विचारतात, "मग ते हॉटेलात का नाही गेले?" या प्रश्नाला पालकांनी स्वतः उत्तर द्यावे, शाळेवर सोडू नये. मोठ्या मुलांना आम्ही एवढेच विचारू की त्या दिवशी वडोदऱ्यातील किती दारे बंद होती आणि बसायला जागा कोणती मिळाली. शिष्यवृत्ती देणारे संस्थानही हेच आणि खोली नाकारणारे शहरही हेच. दोन्ही गोष्टी त्यांच्या वहीत शेजारी शेजारी लिहिलेल्या असाव्यात.

जेवण वडाच्या सावलीत. दशम्या, चटणी, बटाट्याची भाजी, जे घरी असेल ते. बाहेर सेव-उसळीचा वास येईल आणि मुले हट्ट करतील. आम्हालाही सेव-उसळ आवडते, पण त्या दिवशी सर्वांनी डबाच खावा, कारण एकाने घेतली की दुसऱ्याला पाहत बसावे लागते. जेवणानंतर लगोरी, सागरगोटे, गाण्याच्या भेंड्या. आजोबा मंडळींना नेमून दिलेले काम म्हणजे भेंड्यांत गुण मोजणे. उष्टे-खरकटे व कागद पिशवीत घालून घरी न्यावेत.

विश्वस्त मंडळाने आमची विनंती मान्य केल्याप्रमाणे यंदा पाचवी ते सातवीची सहल याच बागेत होईल. वर्गणी नाही, म्हणून सहभागाचा फॉर्मही नाही. पट हाच फॉर्म. भावंडे आणि घरची माणसे बरोबर आली तर आनंदच आहे. सर्वांनी सकाळी आठ वाजता काळ्या घोड्याकडील दरवाजाशी जमावे. पाच मुलांत एक मोजपट्टी पुरते, नवी विकत आणू नये. सावलीचा प्रयोग एक वाजेपर्यंत चालेल, तेव्हा पालकांनी त्याआधी न्यायला येऊ नये. ढग आले तर तो पुढच्या शनिवारी शाळेच्या पटांगणात करू. वह्या सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. तीन रकान्यांची यादी घरच्यांच्या मदतीने केलेली चालेल, सावलीचा कागद मात्र ज्याचा त्याने आखलेला हवा.